‘पुस्तक मिटलं की कोरी पाटी! माझं वय झालंय का?’

चाळिशीच्या आसपास पुन्हा परीक्षेला बसलेली माणसं समोर आली की पहिल्या दहा मिनिटांत हा प्रश्न येतोच. मागोमाग आणखी एक वाक्य येतं: “लहानपणी असं नव्हतं हो.” मला रस असतो तो या दुसऱ्या वाक्यात.

सुनंदाताईंचं (नाव आणि काही तपशील बदललेत) उदाहरण देते. वय ४१, साताऱ्यात मुलांच्या एका वसतिगृहाच्या खानावळीत स्वयंपाकाला. नववीत शाळा सुटली ती लग्नामुळे. १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येतं हे कळल्यावर त्यांनी फॉर्म भरला, मार्चमध्ये पेपर दिले. भाषा निघाल्या, समाजशास्त्रं काठावर निघाली, विज्ञान आणि गणित राहिलं. रोज रात्री दोन-दोन तास बसूनही विषय राहिले म्हणून त्या माझ्याकडे आल्या होत्या.

अभ्यास कसा करता, असं मी सहसा विचारत नाही. माणूस ते जरा सजवूनच सांगतो. मी म्हणते, पुस्तकं-वह्या घेऊन या.

त्यांच्या विज्ञान भाग १ मधला ‘गुरुत्वाकर्षण’ हा पहिला धडा हळदीच्या डागांनी पिवळा झालेला, तीन रंगांच्या पेनांनी अधोरेखित केलेला. दुसरा धडाही तसाच. ‘उष्णता’पर्यंत रंग विरळ झाले होते आणि ‘धातुविज्ञान’च्या पुढची पानं इतकी कोरी, की बोटानं सुटी करावी लागली. कारण साधं होतं. मध्ये गणपती आले, मुलगी आजारी पडली, खानावळीत माणूस कमी झालं, की अभ्यास तुटायचा. आणि दरवेळी पुन्हा बसताना ‘आता पहिल्यापासून नीट करू’ म्हणून धडा पहिला! मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांची ही सवय मला सगळ्यात घातक वाटते, कारण ती शिस्तीसारखी दिसते.

वह्या मात्र बघत राहाव्यात अशा. गाइडमधलं उत्तर जसंच्या तसं, प्रश्न लाल, उत्तर निळं, समास आखलेला. मी ‘उष्णता’चं पान काढलं, वही मिटली आणि विचारलं, “बर्फ वितळत असताना त्याचं तापमान का वाढत नाही?” बराच वेळ त्या गप्प. मग म्हणाल्या, “लिहिलंय मी ते. डाव्या पानावर, खाली.”

उत्तर कुठे आहे ते लक्षात होतं, उत्तर लक्षात नव्हतं.

आता ते ‘लहानपणी असं नव्हतं’. लहानपणीही त्या उतरवूनच काढायच्या. पण तेव्हा दुसऱ्या दिवशी बाई वर्गात उभं करून विचारायच्या, चाचणी व्हायची, सहामाही व्हायची, मधल्या सुट्टीत मैत्रिणी एकमेकींना पाठ म्हणून दाखवायच्या. पुस्तक न बघता आठवण्याचं काम शाळा करून घेत होती, आणि श्रेय मिळत होतं वहीला. बाहेरून बसणाऱ्याला विचारायला कुणी नसतं. उरते ती नुसती वही. यात वयाचा दोष फार थोडा.

हे नुसतं माझं मत नाही. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या अमेरिकी संशोधकांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा पुन्हा वाचले, काहींनी वाचून झाल्यावर न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. म्हणजे पुन्हा पुन्हा वाचल्यानं ‘येतंय’ असं वाटतं, तेही लगेच. फसायला एवढं पुरतं.

ताईंना मी वेळापत्रक दिलं नाही. खानावळीतल्या बाईला वेळापत्रक देणं म्हणजे तिला आणखी एक अपराधी भावना देणं. एकच बदल ठरवला: बसल्यावर पुस्तक उघडण्याआधी एका पाठकोऱ्या कागदावर मागच्या वेळचं जे आठवेल ते लिहायचं, मोडकंतोडकं चालेल. मग पुस्तक उघडून दुरुस्त करायचं. चुकलेला प्रश्न चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचा, दोन दिवसांनी पुन्हा काढायचा, आठवड्यानं पुन्हा. खंड पडला तरी जिथे थांबलो तिथूनच पुढे, पहिला धडा बंद.

पुढच्या भेटीत त्या चिडूनच आल्या. “मॅडम, ह्यानं उलट कळतंय की मला काहीच येत नाही.” हे होतंच. उतरवून काढताना पान भरतं, समाधान मिळतं. आठवून लिहिताना कागद रिकामा राहतो आणि तो सहन होत नाही.

खरी अडचण मात्र वेगळी निघाली. अकरावीतल्या मुलीला त्या प्रश्न विचारू देत नव्हत्या. बोलता बोलता कळलं, सातवीत पाढा अडला म्हणून त्यांनी बोटांवर पट्टी खाल्ली होती, वर्गासमोर. कुणी प्रश्न विचारला की आजही त्यांचे हात मुठीत मिटतात. सुबक वही हा त्यांचा आडोसा होता. तिथे कुणी काही विचारत नाही. अशा वेळी ‘सवय बदला’ म्हणून भागत नाही. आम्ही मुलीशी ठरवलं की आई “नाही आठवत” म्हणाली, तर ‘सोप्पं तर आहे!’ म्हणायचं नाही, चिठ्ठी नुसती परत डब्यात टाकायची. पोरगी शहाणी, तिनं ते पाळलं.

पुढे एकदा अप्रकट उष्म्यावर आलो, म्हणजे तापमान न वाढवता नुसती अवस्था बदलायला लागणाऱ्या उष्णतेवर. १०० अंशांचं एक ग्रॅम पाणी पूर्ण वाफ व्हायला सुमारे ५४० कॅलरी लागतात आणि तापमान तेवढंच राहतं, हे त्यांनी वाचलं होतं. मी विचारलं, मग उकळत्या पाण्यापेक्षा वाफेचा चटका जास्त का बसतो? त्यांनी मनगटावरचा जुना डाग चोळला आणि म्हणाल्या, “वाफेचं पाणी होताना ती सगळी उष्णता कातड्यात सोडते म्हणून.” हे वाक्य त्यांच्या गाइडमध्ये नव्हतं.

पुरवणी परीक्षेत विज्ञान निघालं, गणित राहिलं. एटीकेटीवर, म्हणजे राहिलेला विषय नंतर काढायच्या अटीवर, अकरावीला प्रवेश घेता आला असता, पण त्या म्हणाल्या, आधी गणित. तिथेही सवय जुनीच आहे: सोडवलेलं उदाहरण वाचायचं आणि ‘कळलं’ म्हणून पान उलटायचं. आता त्या उदाहरणाची पहिली ओळ तेवढी ठेवून खालचं उत्तर पोस्टकार्डानं झाकतात. वर्गसमीकरणं बऱ्यापैकी जमतात, भूमितीच्या सिद्धता अजून अडतात. मार्चला वेळ आहे.