लक्षणं नसलेल्या माणसाकडून हॉस्पिटलमध्ये फ्लू, कोविड पसरतो का?

हो, पसरतो. फक्त 'लक्षणं नाहीत' यात दोन प्रकार मिसळले जातात. एकाला शेवटपर्यंत काहीच होत नाही. दुसऱ्याला उद्या ताप येणार आहे, पण आज तो ठणठणीत आहे. वॉर्डात जास्त धोका या दुसऱ्याचा. फ्लूमध्ये लक्षणांच्या साधारण 1 दिवस आधीच विषाणू बाहेर पडू लागतो, कोविडमध्ये 1 ते 2 दिवस आधी. खोकला नसला तरी बोलताना, नुसता श्वास सोडतानाही सूक्ष्म थेंब हवेत जातात.

आणि खरं सांगू? 'मला काही नाही' म्हणणाऱ्या कित्येकांचा घसा खवखवत असतोच, ड्युटी बुडायला नको म्हणून कोणी बोलत नाही. नाक पुसून त्याच हातानं सलाईनचा स्टँड सरकवला, की झालं! आरएसव्ही (श्वसनमार्गाचा आणखी एक विषाणू) मोठ्यांना साधी सर्दी वाटते, तोच तान्ह्या बाळाला न्यूमोनियापर्यंत नेऊ शकतो.

म्हणून दारात नुसता ताप मोजून भागत नाही. साथीच्या दिवसांत सगळ्यांनी मास्क लावावा, प्रत्येक रुग्णाला हात लावण्याआधी आणि नंतर हात स्वच्छ करावेत, हवा खेळती ठेवावी. पीसीआर (विषाणूचा अंश शोधणारी चाचणी) पॉझिटिव्ह आली म्हणजे तो माणूस अजून आजार पसरवतोच आहे असं मात्र नाही. विषाणूचे अवशेष बरं झाल्यावरही काही आठवडे सापडू शकतात.