5 इंची वूफरच्या छोट्या स्पीकरमध्ये ड्रमची थाप खरी वाटण्यासाठी काय करावं?

तुम्ही लिहिलंय की 5 इंची वूफर (खालचे स्वर वाजवणारा भाग), 10 लिटरचा बॉक्स आणि मागे पोर्ट (हवा ये-जा करणारी नळी) असे स्पीकर घरी बनवलेत. गाणं गोड वाजतं, पण बास ड्रम नुसता घुमतो, थाप लागत नाही. माझं मत स्पष्ट आहे: पोर्ट बंद करा आणि 80 हर्ट्झखालचं काम सबवूफरला, म्हणजे फक्त खोल बास वाजवणाऱ्या वेगळ्या स्पीकरला द्या. आधी पोर्टमध्ये मोजे कोंबून एकदा ऐका. बास कमी होईल, पण प्रत्येक ठोका सुटा ऐकू येईल.

बास ड्रमचा मूळ स्वर साधारण 50 ते 80 हर्ट्झमध्ये असतो. 5 इंची कोनचं क्षेत्रफळ सुमारे 90 चौरस सेंटिमीटर. तो दोन्ही बाजूंना 5 मिलिमीटर हलला, तरी 50 हर्ट्झला 1 मीटरवर जेमतेम 90 डेसिबल मिळतात, तेही स्पीकर भिंतीला लागून असेल तर. खऱ्या ड्रमसेटचे ठोके जवळून 110 च्या पुढे सहज जातात. शिवाय सप्तकभर खाली, म्हणजे निम्म्या हर्ट्झवर उतरायचं तर तेवढ्याच आवाजासाठी कोन चौपट हलावा लागतो. ही तूट कुठलाही महागडा वूफर भरून काढत नाही.

पोर्ट ही तूट थोडी झाकतो, हे खरं. पोर्ट ज्या स्वराला घुमतो त्या ट्यूनिंगच्या आसपास कोन कमी हलतो आणि आवाज वाढतो. पण ठोका संपल्यावरही पोर्टमधली हवा डोलत राहते आणि पुढचा ठोका त्या शेपटावर येऊन पडतो. ड्रम खरा वाटायला तो सुरू होतो तितक्याच नेटकेपणाने थांबावा लागतो. यामाहाचा एनएस-10 आठवा. 1978 मध्ये आलेला, पांढऱ्या कोनचा, सुमारे 10 लिटरचा सील्ड, म्हणजे पोर्ट नसलेला बंद स्पीकर. खोल बास त्यात नव्हताच, तरी रॉक संगीताचे मिक्सिंग इंजिनिअर वर्षानुवर्षं त्यावर ड्रम आणि बासचा तोल ठरवत राहिले. 2001 मध्ये फिलिप न्यूवेल आणि सहकाऱ्यांनी अनेक स्टुडिओ मॉनिटर (स्टुडिओतले ऐकण्याचे स्पीकर) मोजून पाहिले, तेव्हा खालच्या स्वरांत हा फार लवकर शांत होतो, असं दिसलं.

सील्ड बॉक्समध्ये एकूण क्यू (बास किती घुमतो ते सांगणारा आकडा) 0.7 च्या वर जाऊ देऊ नका. मला स्वतःला 0.6 जास्त आवडतो. सील्ड बॉक्सचा नैसर्गिक उतार सप्तकाला 12 डेसिबल असतो. त्यात ॲम्प्लिफायरचा 12 चा हायपास (खालचे स्वर अडवणारा फिल्टर) मिळाला की 24 चा उतार होतो आणि सबशी जोड छान बसते.

वॉटेजमध्ये कंजुषी नको. ड्रमची शिखरं सरासरी आवाजाच्या 15-20 डेसिबल वर जातात. वूफर 1 वॅटला 84 डेसिबल देत असेल, तर 104 चं शिखर गाठायला 100 वॅट लागतात, मग ते क्षणभरासाठी का असेना.

आणि थापेचा टोकदारपणा वूफरमध्ये शोधू नका. बास ड्रमचा बीटर (पायाने चालणारी काठी) चामड्यावर आपटतो तो ‘टक्’ 2 ते 5 किलोहर्ट्झमध्ये असतो. क्रॉसओव्हर (वूफर आणि ट्वीटरमध्ये स्वर वाटणारं सर्किट) तिथेच खड्डा पाडत असेल, तर बास कितीही चांगला असला तरी ड्रम मंद वाटतो. बऱ्याचदा दोष इथेच सापडतो.

खोलीही बघा. 10 बाय 12 फुटांची खोली लांबीत सुमारे 47 आणि रुंदीत 56 हर्ट्झला घुमते, म्हणजे नेमकी बास ड्रमच्या जागी! सब कोपऱ्यातून हलवून दोन-तीन ठिकाणी ठेवून पाहा.

तपासायला मी तबल्याचं चांगलं रेकॉर्डिंग वापरतो. डग्ग्यावर मनगटाच्या दाबाने घेतलेली मींड एका स्वरातून दुसऱ्यात सलग सरकते, त्यामुळे मध्ये एखादाच स्वर फुगला तर लगेच कळतं. तेच रेकॉर्डिंग दुसऱ्या खोलीत लावा: फुगवटा त्याच स्वरावर राहिला तर बॉक्स दुरुस्त करा, जागा बदलली तर खोली.