नव्या कॉम्प्युटरला येणारा वास विषारी असतो का? घरात लहान मूल आहे.

घाबरण्यासारखं सहसा काही नसतं, पण प्रश्न खुळा नाही. प्लॅस्टिक पटकन पेटू नये म्हणून त्यात अग्निरोधक रसायनं मिसळतात. मशीन तापलं की ती थोडीथोडी हवेत येतात. 2000 साली स्टॉकहोम विद्यापीठाच्या संशोधकांना मॉनिटरमधून ट्रायफिनाइल फॉस्फेट हे असंच एक अग्निरोधक रसायन बाहेर पडताना आढळलं होतं. काहींना याची त्वचेची ॲलर्जी होऊ शकते. प्रमाण अगदी सूक्ष्म होतं, आणि मॉनिटर जसजसा वापरला गेला तसं घटतही गेलं. ते मॉनिटर जुने, डबा-छाप होते. त्यानंतर युरोपने जुलै 2006 पासून ब्रोमीनयुक्त अग्निरोधकांच्या दोन गटांवर बंधनं आणली. भारतातही ई-कचरा नियमांत तशी मर्यादा आहे.

सुरुवातीचे काही दिवस खिडकी उघडी ठेवून मशीन चालू ठेवा, वास ओसरतो. ही रसायनं धुळीत साचतात आणि रांगतं मूल हात तोंडात घालतं, त्यामुळे टेबलाखालची फरशी ओल्या फडक्याने पुसत जा. खरं तर वासापेक्षा या धुळीकडेच जास्त लक्ष द्या.

जळका किंवा माशासारखा वास मात्र वेगळा. तो आला की लगेच बटण बंद करून प्लग काढा. पॉवर सप्लाय किंवा वायर जळत असू शकते, आणि तो धूर खरोखरच वाईट. जुनं मशीन अधिकृत ई-कचरा केंद्रातच द्या. तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळतात तेव्हा डायॉक्सिनसारखी विषं तयार होतात. दिल्लीच्या सीलमपूरमध्ये आणि मुरादाबादेत हे काम करणाऱ्यांना त्या धुरातच श्वास घ्यावा लागतो.