पायाला कुरूप झालंय, ब्लेडने कापून काढलं तर चालेल का?

नका कापू, प्लीज. कुरूप म्हणजे काही आत रुतलेला काटा नाही, एकाच जागी सारखा दाब पडला किंवा घासलं गेलं की कातडी स्वतःला वाचवायला जाड होत जाते, ती पसरट जाड झाली तर घट्टा आणि छोटी गोल होऊन मधे कडक टोक आत गेलं तर कुरूप, म्हणून चालताना खडा टोचल्यासारखं होतं. लोक म्हणतात मूळ काढा, पण त्याला मूळबिळ नसतं, दाब तसाच राहिला की परत येणारच.

आधी चप्पल-बूट बघा, पुढून अरुंद असतील किंवा हील असेल तर बहुतेक तिथेच घोळ आहे. बूट संध्याकाळी घ्यावेत, तोवर पाय थोडे सुजलेले असतात.

घरी करायचं तर पाय १० मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, प्युमिस स्टोनने हलकं घासा (एका दिवसात सगळं काढायच्या नादी लागू नका), मग युरिया असलेली क्रीम लावा. कॉर्न कॅप म्हणजे कुरुपावर चिकटवायची औषधी पट्टी, तिच्यातलं सॅलिसिलिक अॅसिड आजूबाजूची चांगली कातडीपण जाळतं त्यामुळे जपून.

आणि हो, बाजूने चिमटीत दाबल्यावर जास्त दुखत असेल, आत काळे ठिपके दिसत असतील तर ती चामखीळ असू शकते, तिचा इलाज वेगळा.

डायबिटीस असेल, पायाला मुंग्या-बधिरपणा असेल किंवा पू, लाली दिसली तर यातलं काहीच घरी करू नका, कॉर्न कॅप तर अजिबात नाही, सरळ डॉक्टरला दाखवा.