टस्कीगीला जाताय? किल्ली ज्याच्या हातात, त्यालाच विचारा

तुमचा प्रश्न सकाळी वाचला आणि दिवसभर डोक्यातून गेला नाही. बाबा महिनाभरासाठी आलेत, त्यांना टस्कीगी, म्हणजे भुईमुगावर काम केलेल्या कृष्णवर्णीय शेतीशास्त्रज्ञ कार्व्हरचं गाव बघायचंय, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत अटलांटाहून निघून एका दिवसात जमेल का, असं तुम्ही विचारलंय. आणि शेवटी लिहिलंय, ‘तिथल्या माहिती कार्यालयात फोन केला, सगळं उघडं असतं म्हणाले.’ हेच वाक्य चार वर्षांपूर्वी मी माझ्या वडिलांना सांगितलं होतं.

रस्ता, हॉटेल, गाडी यांवर काही लिहीत नाही, ते तुम्हाला माहीत असणार. वेळाही देत नाही. त्या बदलतात, आणि माझ्या भरवशावर कुणी म्हाताऱ्या माणसाला दोनशे किलोमीटर नेऊ नये. खालचं सगळं आमच्या एका घराच्या अनुभवावरून आहे, तेवढंच धरा.

माझे वडील कराडकडचे, निवृत्त कृषी सहाय्यक. आयुष्यभर सायकलवरून, मग लूनावरून गावोगाव फिरून बेणं, खतं, फवारणी समजावून सांगितलेली. कार्व्हरचं मराठी चरित्र त्यांनी किती वेळा वाचलं असेल त्याला गणती नाही. 1906 पासून कार्व्हरनं आखलेल्या घोडागाडीवर अवजारं आणि बियाणं लादून शेतकऱ्याच्या बांधावर नेली जायची, त्या फिरत्या शाळेबद्दल ते असं बोलायचे, जणू त्यांच्याच खात्यातला कुणी वरिष्ठ होता. अमेरिकेत त्यांना डिस्नी नको होतं, न्यूयॉर्क नको होतं. अलाबामातल्या मेकन काउंटीतलं टस्कीगी, एवढंच.

मी काय केलं? त्या भागातल्या एका माहिती कार्यालयात फोन लावला. नाव घेत नाही. बाई फार गोड बोलल्या. संग्रहालय, तिथल्या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेचे पहिले प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यांचं ‘द ओक्स’ हे घर, सगळं चालू आहे, या, म्हणाल्या. वर एक सुंदर पत्रकही पाठवलं. मी ते छापून बाबांना दिलं. त्यांनी घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

पोहोचलो तर संग्रहालयाच्या दाराला आतून कागद चिकटवलेला, दुरुस्तीसाठी बंद. घरही बंद. बाबांनी खिशातलं पत्रक काढून दाराच्या काचेशी धरलं आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी वाचत राहिले. मला म्हणाले, ‘असू दे.’ त्यांचं ते ‘असू दे’ माझ्या अजून कानात आहे. नंतर त्या कार्यालयाला फोन केला तर उत्तर आलं की आम्ही फक्त पत्रकं वाटतो, इमारती आमच्या नाहीत. मग उघडं आहे असं सांगितलं कशाला? दोन ईमेल लिहिल्या, एकीलाही उत्तर नाही. माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणायला काय लागतं? माणूस सातासमुद्रापार आलेला असतो.

चूक माझीही होती, आणि ती तुम्ही करू नये म्हणूनच एवढं लिहितोय. टस्कीगीत मालक एक नाही. कार्व्हर संग्रहालय, द ओक्स आणि मोटन फील्ड या विमानतळावरचं वैमानिकांचं ऐतिहासिक स्थळ सरकारी राष्ट्रीय उद्यान सेवेकडे. कॅम्पस, चॅपल आणि कबरी टस्कीगी विद्यापीठाच्या. गावातला चौक, चर्च, जुनी शाळा यांची व्यवस्था आणखी निराळी. ज्याच्या हातात त्या दाराची किल्ली आहे त्यालाच विचारायचं, निघायच्या आदल्या दिवशी, आणि प्रत्येक दारासाठी वेगळं. ‘तुम्ही उघडे आहात का’ असं मोघम विचारू नका. ‘उद्या अकरा वाजता मी वडिलांना घेऊन घराच्या आत जाऊ शकेन का’ असं विचारा. फरक पडतो. आणि थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी तर जाऊच नका, त्या दिवशी सरकारी स्थळं बंद असतात. विद्यापीठही सुट्टीवर, कॅम्पसवर वाट सांगायला माणूस मिळायचा नाही. माझं स्पष्ट मत विचाराल तर पुढच्या आठवड्यातला साधा कामाचा दिवस धरा आणि ऑफिसातून रजा काढा.

घड्याळाचं एक लक्षात ठेवा. अलाबामा जॉर्जियाच्या एक तास मागे आहे. जाताना तास मिळतो, येताना जातो. बाबांना साखरेची गोळी असेल तर घरच्या वेळेनंच द्या. हद्दीजवळ फोनवरची वेळ पुढेमागे होते, आमचा त्यातही गोंधळ झाला.

दारं बंद असली तरी आमचा हेलपाटा पूर्ण वाया गेला नाही. चॅपलशेजारच्या छोट्या दफनभूमीत वॉशिंग्टन आणि कार्व्हर जवळजवळ विसावलेत. एक 1915 ला गेले, दुसरे 1943 ला. कार्व्हरच्या दगडावरच्या ओळी मी मराठीत सांगितल्या: कीर्तीच्या जोडीला पैसाही मिळवता आला असता, पण दोन्हींची पर्वा न करता जगाच्या उपयोगी पडण्यात त्यानं सुख आणि मान शोधला. बाबांनी टोपी काढली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग ते एका जुन्या इमारतीच्या भिंतीपाशी गेले आणि विटांवरून हात फिरवू लागले. या विटा विद्यार्थ्यांनी भाजल्यात. ही संस्था, म्हणजे आजचं विद्यापीठ, 1881 साली सुरू झाली तेव्हा हाताशी पैसा नव्हता. पहिल्या तीन भट्ट्या फसल्या, तेव्हा वॉशिंग्टन यांनी माँटगोमेरीत जाऊन स्वतःचं घड्याळ 15 डॉलरला गहाण टाकलं आणि चौथी लावली. हे मी सांगितल्यावर बाबा म्हणाले, ‘म्हणजे यांनी आधी भट्टी शिकवली, मग शाळा बांधली.’ त्या भिंतीपाशी ते संग्रहालयाच्या दारापेक्षा जास्त वेळ उभे होते. तुम्हीही बाबांना घाई करू नका.

कार्व्हरबद्दल आपल्याकडे बरंच फुगवून सांगितलं जातं, तेही आधी बोलून घ्या. पीनट बटर त्याचा शोध नव्हे, आणि पेटंटं म्हणाल तर तीनच. खरं काम मातीचं. कापसानं जमीन उतरलेली, त्यात बोंडकिड्याचा घाला. त्यानं चवळी, भुईमूग, रताळी लावायला सांगितली. बाबांच्या भाषेत, शेंगांचा बेवड, म्हणजे पुढच्या पिकासाठी जमिनीला होणारा फायदा, चांगला, मुळांवरच्या गाठी नत्र धरतात. 1916 मध्ये त्यानं भुईमूग पिकवायचा कसा आणि खायच्या 105 रीती कोणत्या याची पुस्तिका काढली, म्हणजे पीक घेतलेल्या शेतकऱ्याच्या घरात ते खपलंही पाहिजे. मला हा कार्व्हर जास्त मोठा वाटतो.

वेळ उरला तर मोटन फील्ड नक्की करा, कॅम्पसपासून गाडीनं थोड्या अंतरावर आहे. दुसऱ्या महायुद्धात कृष्णवर्णीय वैमानिक इथे घडले, 1941 ते 1946 मध्ये हजाराच्या आसपास. वाहनतळापासून हँगरपर्यंत चालावं लागतं, गुडघ्यांचा त्रास असेल तर आधी विचारून जवळ गाडी लावायची सोय बघा.

आणखी एक गोष्ट वडीलधाऱ्यांना आधीच सांगा. याच काउंटीत सरकारी आरोग्य सेवेनं 1932 ते 1972 अशी चाळीस वर्षं 600 गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर अभ्यास केला. त्यातल्या 399 जणांना उपदंश होता. पेनिसिलिन हे त्यावरचं औषध हाताशी आल्यावरही त्यांना दिलं नाही. राष्ट्राध्यक्षांची माफी आली 1997 मध्ये. सहलीत हा विषय नको असं काही जण म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही. आम्ही कुठल्याशा फलकासमोर उभे असताना बाबांना हे पहिल्यांदा कळलं आणि परतीच्या वाटेवर ते गप्प होते. घरी बसून, सावकाश सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

जेवणाचं: शाकाहारी असाल तर ‘भाजी आहे’ यावर जाऊ नका. तिकडे पालेभाजी आणि शेंगभाजी सर्रास डुकराच्या मांसाबरोबर शिजवतात. सरळ विचारा, किंवा दशम्या-चटणी बांधून न्या. आम्ही दुसऱ्या वेळी तेच केलं. हो, पुढच्या वर्षी मी आणि बायको परत गेलो. तोवर बाबांचे गुडघे इतके गेले होते की विमानप्रवासाला डॉक्टरांनी नकार दिला. अजून फोनवर विचारतात, ‘ते घर उघडलं का?’

रस्त्याकडेला उकडलेल्या शेंगांची पाटी दिसली की मात्र थांबाच. मीठ घालून तासन्‌तास शिजवलेल्या, टरफलासकट, अगदी आपल्यासारख्या. बाबांनी अर्धी पिशवी एकट्यानं संपवली. पिशवीतून पाणी गळतं, मांडीवर जुना टॉवेल घ्या.