विवाहबाह्य संबंधांवरच्या कामुक थ्रिलरमधलं गुपित वाचणाऱ्यांना आधीच का कळतं?

तुमची पटकथा १०० पानांची आहे. जोडपं ठाण्यात घोडबंदर रोडला राहतं, बायको ऐरोलीला नोकरीला जाते, तिचं ऑफिसातल्या एकाशी जुळतं आणि ही गोष्ट तुम्ही ८०व्या पानापर्यंत झाकून ठेवली आहे. वाचणारे म्हणतात की गुपित २०व्या पानालाच कळतं आणि बेडरूमचे प्रसंग वरून चिकटवल्यासारखे वाटतात. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच: तुम्ही लफडं हेच गुपित धरलंय.

असा सिनेमा बघायला आलेला माणूस पोस्टरवरूनच ओळखतो की कोणीतरी कोणालातरी फसवतंय. म्हणून २५व्या पानाच्या आत लफडं प्रेक्षकाला दाखवून टाका, नवऱ्याला मात्र कळू देऊ नका. टेबलाखालचा बाँब अचानक फुटला तर १५ सेकंदांचा धक्का, पण बाँब आहे हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असेल तर १५ मिनिटांचा ताण, असं थरारपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक सांगायचा. खरं गुपित लपवायचं ते लफड्याच्या आडोशाला. संशय एकदा लफड्याकडे वळला की दुसरीकडे कोणी बघत नाही.

तुमच्याच कथेत हे असं बसेल. बायकोचा लोकलचा पास ठाणे ते ऐरोली. नवरा तिचा मोबाइल चाळतो हे तिला माहीत आहे, म्हणून ती ॲपवर तिकीट न काढता खिडकीवर रोख पैसे देते: ऐरोली ते सीवूड्स. घरी आल्यावर तिकिटाची चार वेळा घडी घालून ती ओल्या कचऱ्यात, दुधीच्या सालींखाली दाबते. रात्री नवरा डबा बाहेर ठेवायला जातो, ओल्यात कागद दिसतो म्हणून तो काढून सुक्या कचऱ्यात टाकायला जातो आणि घडी उलगडते. सालीच्या पाण्याने शाई पसरलेली, तरी स्टेशनचं नाव आणि दुपारची वेळ वाचता येते. नवरा म्हणणार प्रियकर सीवूड्सला. प्रेक्षक गोंधळणार, कारण प्रियकर ऐरोलीतच आहे हे त्याने बघितलंय. ७२व्या पानाला कळावं की ती तिथे एका बाईला भेटत होती, जिची मुलगी पाम बीच रोडवर नवऱ्याच्या गाडीखाली गेली होती आणि ते प्रकरण नवऱ्याने लग्नाआधीच मिटवलं होतं. तिकीट तेच, अर्थ फिरला. उरलेली पानं परिणामांना ठेवा. ८०व्या पानाला गुपित फोडलं की शेवट धावपळीत उरकावा लागतो.

२००२च्या 'अनफेथफुल' या हॉलिवूडपटात एकच वस्तू सगळं काम करते. नवऱ्याने बायकोला दिलेला काचेचा बर्फगोळा (स्नो ग्लोब) त्याला तिच्या प्रियकराच्या घरात दिसतो, त्यानेच तो खून करतो, आणि पुढे तोच गोळा घरात परत आलेला पाहून बायकोला सगळं उमगतं. वस्तू तीनदा आणा, दर वेळी वेगळ्या हातात. पहिल्यांदा ती दुसऱ्याच कामाच्या ओघात दिसली पाहिजे. कॅमेरा तिच्यावर रेंगाळला तर तिथेच पितळ उघडं पडतं.

लपवणं वेगळं आणि प्रेक्षकाला फसवणं वेगळं. बायको घरात एकटी असताना काही माहीतच नसल्यासारखी वागली आणि नंतर तिला सगळं ठाऊक होतं असं निघालं, तर लोक चिडतात, आणि बरोबरच चिडतात. एकटीच्या प्रसंगात तिला असं काही करू द्या ज्याचे दोन अर्थ निघतील. कचऱ्यात दाबलेलं तिकीट हे तसंच आहे.

आता बेडरूम. प्रत्येक प्रसंगासमोर तीन रकाने आखा: नवऱ्याला काय माहीत, बायकोला काय माहीत, प्रेक्षकाला काय माहीत. प्रसंगानंतर एकाही रकान्यात बदल नसेल तर तो प्रसंग काढा, कितीही देखणा असो. जवळीक कोणी सुरू केली, मध्येच कोण थांबलं, थांबताना नजर कुठे गेली, हे लिहा. अर्धं पान पुष्कळ झालं. शरीराची वर्णनं कागदावर नकोत, त्यांतून कोण काय लपवतंय ते कळत नाही. चित्रीकरणात काय दिसणार आणि काय नाही ते कलाकारांशी आधी लेखी ठरवा, सेटवर मोजकीच माणसं ठेवा, आणि बजेटमध्ये इंटिमसी कोऑर्डिनेटरचे (जवळिकीचे प्रसंग कलाकारांच्या संमतीने बसवून देणाऱ्याचे) दिवस आत्ताच धरा. ऐन वेळी सुचवलेली जवळीक पडद्यावर अवघडलेली दिसते, आणि मुख्य म्हणजे ती कलाकारांवर अन्याय करणारी असते.

थिएटरला जाणार असाल तर सेन्सॉरकडून बहुधा 'ए' प्रमाणपत्र मिळेल, म्हणजे आहे त्या रूपात टीव्हीचा रस्ता बंद. ओटीटीवर केंद्र सरकारच्या २०२१च्या आयटी नियमांप्रमाणे वयोगट प्लॅटफॉर्मच ठरवतो.

एक चूक अशा पटकथांत फार दिसते: "व्यभिचाराची केस टाकून आत टाकीन" अशी धमकी. कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ला रद्द केलं, त्यामुळे आजच्या कथेत ही धमकी पोकळ आहे. व्यभिचार हे घटस्फोटाचं कारण मात्र अजूनही आहे, तेव्हा धमकी मुलाच्या ताब्याची किंवा घोडबंदरच्या फ्लॅटची ठेवा. तसंच, कार ऐरोली पुलावरून गेल्याचा फास्टॅगचा मेसेज पुरावा म्हणून वापरू नका. ऑक्टोबर २०२४पासून त्या नाक्यावर हलक्या वाहनांना टोल नाही. सोसायटीच्या गेटवरची नोंद चालेल.