"हमारी वाली मैम तो ऐसे नहीं कराती थीं"

"मॅडम, पोरं मला टीचर मानतच नाहीत, मी ह्या लाइनची नाहीच बहुतेक." हे वाक्य मी ऑगस्ट-सप्टेंबर आला की ऐकतेच, आणि म्हणणाऱ्या बऱ्याचदा लीव्ह व्हेकन्सीवर, म्हणजे रजेवर गेलेल्या टीचरच्या जागी तात्पुरत्या, नव्याने लागलेल्या मुली असतात. त्यातल्या एकीबद्दल लिहितेय, तिला विचारून, आणि ओळखू येऊ नये म्हणून थोडं इकडचं तिकडे करून.

मुलगी इंदूरचीच, घर सुदामा नगरला, गणितात एमएस्सी, बीएड झालेलं, एका सीबीएसई शाळेत नववीला लागली. आधीची टीचर जुलैपासून मॅटर्निटी लीव्हवर. 2017 पासून पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे पगारी रजा मिळते, त्याला जोडून बऱ्याच जणी अजून थोडी बिनपगारी घेतात, म्हणजे बदलीवर आलेल्या बाईच्या वाट्याला जवळपास सगळं वर्ष येतं, पण शाळा तिला वागवते ते चार दिवसांची पाहुणी असल्यासारखं.

फळ्याकडे वळली की मागून आवाज, "मैम, हमारी वाली मैम तो ऐसे नहीं कराती थीं." मग ही चिडून, "अब मैं हूँ आपकी मैम!" मग हशा. रविवार दुपारपासून पोटात गोळा, झोप नाही, सकाळी पोहे समोर आले तरी नकोसे (इंदूरच्या माणसाला पोहे नको झाले की मी जरा सावधच होते). घरी बाबा म्हणायचे, अगं टेम्पररी तर आहे, कशाला एवढं मनाला लावून घेतेस. ते बिचारे धीरच देत होते पण हिला ते जास्त लागायचं.

मी तिला स्वभावाबद्दल, आत्मविश्वासाबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं, "तुला सोपवलं काय काय?" तर टाइमटेबल आणि पुस्तक. बस. कुठला धडा खरंच शिकवून झालाय, कुठला नुसता वहीत उतरवलाय, कच्ची मुलं कोणती, काही माहीत नाही. नववीला लेखी 80 चं आणि 20 मार्क इंटर्नलचे, त्यात पिरियॉडिक टेस्ट, पोर्टफोलिओ वगैरे, आणि आधीच्या टेस्टचे मार्क त्या टीचरच्या डायरीत, डायरी तिच्या घरी! म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून वर्गात उभं केलेलं, आणि ठेचकाळली की म्हणायचं क्लास कंट्रोल नाही. माझं स्पष्ट मत आहे, नव्या बदली टीचरच्या कंट्रोलच्या अर्ध्या तक्रारी खरं म्हणजे माहिती न दिल्याच्या असतात.

दुसरं त्या "हमारी वाली मैम"चं. चौदा वर्षांची पोरं, त्यांची आवडती बाई मध्येच गेली, कोणी नीट सांगितलंही नाही कधी येणार. ते हिला हिणवत नव्हते (एखादा असेल, नाही म्हणत नाही), त्यांना ती आठवत होती. मग तिच्याशी शर्यत कशाला लावायची? आम्ही ठरवलं, पुढच्या वेळी शांतपणे म्हणायचं, "कैसे कराती थीं, आओ, बताओ."

लगेच चान्स मिळाला. त्रिकोणाच्या बाजू 13, 14, 15, क्षेत्रफळ काढा. हिने हेरॉनचं सूत्र लावलं, अर्धपरिमिती 21, उत्तर 84. मागचा पोरगा उठला, त्याने 14 पाया धरून उंची काढली, 12, आणि निम्मं करून 84 च आणलं. मग बाकीच्यांनाच प्रश्न पडला की दोन्हीकडून सारखं कसं येतं, आणि तो पिरियड तिच्या शब्दांत "पहली बार मेरा था".

बाकीचं तसं साधंच. कोऑर्डिनेटरकडे प्रश्न लिहून नेले, बाळंतिणीला थेट फोन करू नकोस म्हटलं, त्यांच्यामार्फत एकदा बोलणं झालं. कळलं की ती बाई सुरुवातीची पाच मिनिटं तोंडी गणितं घ्यायची. ते तसंच चालू ठेवलं. मुलांना खरंखरं सांगितलं मैम साधारण कधी येणार. स्टाफरूममधला "एकाला दोन ठेवून दे, बाकीचे सरळ होतात" हा सल्ला मात्र मी तिला कानाबाहेरच ठेवायला लावला, मारणं मुळात चूक आणि काही झालं तर बदलीवालीच्या पाठीशी कोणी उभं राहत नाही.

झोपेचं सांगते, कारण हे बऱ्याच जणी विचारतात. दोनेक आठवडे झोप-भूक गेलेलीच असेल तर नुसत्या गप्पांवर राहू नका, डॉक्टरांना दाखवा. टेली मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, तिचा 14416 नंबर फुकट आहे, रात्री-बेरात्रीही लागतो, हिंदीत बोलता येतं. हिची झोप आधीच्या टीचरची ती मार्कांची डायरी हातात आल्यावर बरीचशी सुधारली, म्हणून पुढे गेलो नाही.

आणि हो, अपॉइंटमेंट लेटर! हिच्याकडे कागद नव्हताच, नुसता व्हॉट्सॲपवर "जॉइन कर लीजिए". पगार किती, कधीपर्यंत, दिवाळीच्या सुट्टीचे पैसे मिळणार का, सगळं हवेत. ते मागायला तिला पोरांपेक्षा जास्त भीती वाटली.

फेब्रुवारीत आधीच्या मैम आल्या, हिने त्यांना धड्यांची, मार्कांची, कच्च्या मुलांची सगळी यादी लिहून दिली. एप्रिलमध्ये शाळेचा परत फोन, आता आठवीच्या कोणीतरी रजेवर. ही म्हणाली, आधी लेटर आणि मुलांच्या मार्कांची शीट पाठवा, मग येते. लेटर आलंय. शीटसाठी रोज आठवण करून देतेय.